तेवढाच पट्टा स्वच्छ

“ऑल गुड म्हणजे बघितलंच नाही,” असं म्हणत काका खाली वाकायचे. एक हात गाडीच्या दारावर, एक गुडघा जमिनीवर, मान तिरकी, आणि शर्टाच्या खिशातला पेनएवढा टॉर्च गाडीच्या पोटाकडे. गाडी कुणाची आहे, मालक ओळखीचा आहे का, आपण नवा झब्बा घालून कार्यक्रमाला आलो आहोत का, यातलं काहीही त्यांच्या आड यायचं नाही. तेलाचा डाग दिसला की उठून मालकाला शोधायचे आणि घरात पाळणा हलल्याची बातमी द्यावी तशा उत्साहाने सांगायचे, “तुमची गाडी गळतेय.”

तुम्हीही असे लोक पाहिले असतील. कुणाच्या घरी गेले की आधी नळ टपकतोय का ते बघणारे, नव्या सोफ्यावर बसण्याआधी त्याचे पाय हलवून बघणारे. आपण त्यांना हसतो, आणि ते गेले की गुपचूप जाऊन नळ घट्ट करतो.

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये मराठी माणसांना तोटा नाही, पण सगळे सॉफ्टवेअरवाले. लोखंडाला हात लावणारे आम्ही दोघंच. घरापासून चाळीस मिनिटांवर एक कंपनी आहे, डिलिव्हरी व्हॅनसाठी ड्राइव्ह शाफ्ट बनवते. तिथे ते डिझाइनमध्ये होते आणि मी टेस्टिंगमध्ये. ते पिंपरीच्या एका कारखान्यात वीस वर्षं घालवून इथे आलेले, मी नागपूरहून. ऑफिसातले अमेरिकन लोक त्यांच्या नावाचे इतके हाल करायचे की शेवटी त्यांनीच सांगून टाकलं, “कॉल मी काका.” त्यामुळे सहा फुटी, दाढीवाले, टोपी उलटी घालणारे मशिनिस्टसुद्धा त्यांना ‘काका’ म्हणायचे. त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता.

आमच्याकडे जेवायला यायचे तेव्हा काकूंच्या हातात श्रीखंडाचा डबा असायचा आणि काकांच्या हातात प्रिंटरचा एक कोरा पांढरा कागद. तो कागद ते आमच्या गाडीखाली सरकवायचे, वर दोन दगड ठेवायचे आणि मग घरात यायचे. जेवण झालं की बडीशेप तोंडात टाकून बाहेर जायचे आणि कागद ओढून उजेडात धरायचे. थेंब असला तर पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल. नसला तर निकाल, “कोरडी आहे. जप.” माझी बायको म्हणायची, “जेवण कसं झालं ते कधी सांगणार?” काका म्हणायचे, “ते पोट सांगेल. गाडीला तोंड नाही.”

हे वेड नुसतं वेड नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य एका वीतभर वस्तूभोवती फिरत होतं. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो, त्याला फिरताही यावं लागतं आणि रस्त्याच्या खड्ड्यांबरोबर वाकताही यावं लागतं. म्हणून त्यात सांधा असतो. त्या सांध्याच्या पोटात तेल असतं, आणि तेल बाहेर येऊ नये म्हणून त्यावर सील. तेल गेलं की सांधा कोरडा पडतो, कोरडा पडला की झिजतो, आणि पुरता झिजला की एखाद्या दिवशी भर हायवेवर तुटतो. इतकं सोपं आहे. इतकं सोपं असूनही मोटारगाडी जन्माला आल्यापासून लोक त्याच्याशी झगडताहेत.

त्यांच्या टेबलावर तसा एक जुना सांधा होता. मोटारगाड्यांच्या अगदी सुरुवातीच्या काळातला, कुठल्याशा जुन्या सामानाच्या बाजारातून उचललेला. त्यावर चामड्याची खोळ होती आणि ती बुटासारखी वादीने आवळलेली होती. चामडं सुकून कडक झालेलं, पण टाके शाबूत. कुणी नवीन माणूस आला की ते तो सांधा त्याच्या हातात द्यायचे. तो चांगला जड होता, घेणाऱ्याचा हात खाली जायचा, आणि काका खूश व्हायचे.

“या माणसाकडे रबर नव्हतं, कॉम्प्युटर नव्हता,” ते मला म्हणायचे. “त्याने चांभाराकडे जाऊन विचारलं असेल, बाबा रे, तेल धरेल असं शिवून दे. लाज नाही बाळगली. आणि आपण एका सीलच्या जागी दोन घाला म्हटलं की मीटिंग बोलावतो.”

एक सील की दोन, एवढंच ते भांडण होतं. नव्या व्हॅनसाठीच्या सांध्याला काकांनी दुहेरी सील आखली होती. बाहेरची सील धूळ अडवणार, आतली तेल धरणार. मॅनेजरने बाहेरची काढून टाकायला लावली, कारण दुहेरी सीलचा सांधा वेळेत तयार झाला नसता आणि व्हॅनवाल्यांना तारीख दिली होती. काका म्हणाले, “ठीक आहे. टेस्टमध्ये कोरडी राहिली तर सही करतो.” डिझाइनच्या कागदावर शेवटची सही त्यांची लागायची. तिच्याशिवाय माल बाहेर जात नव्हता.

त्या सहीला काय लटकलेलं होतं, तेही सांगतो. काका वर्क व्हिसावर होते. ग्रीन कार्डच्या रांगेत उभे राहून त्यांना इतकी वर्षं झाली होती की रांगेत उभे राहिले तेव्हा पहिलीत असलेली त्यांची लेक आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होती. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर तिघांनी सामान बांधायचं. त्या वयात, त्या कामाला, साठ दिवसांत नोकरी कोण देणार? हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही, कारण मीही त्याच रांगेत उभा आहे, त्यांच्या बराच मागे.

आमच्या भागात वसंतात पाइनच्या झाडांचे पराग उडतात. गाड्या, खिडक्या, शाळेच्या बसेस, सगळं हळद लागल्यासारखं पिवळं होतं. लोक शिंकून बेजार होतात. काका मात्र त्या दोन-तीन आठवड्यांची वाट बघायचे. “फुकटची टेस्ट आहे रे. जिथे तेल, तिथे पिवळं चिकटणार. देवाने पाठवलेला इन्स्पेक्टर.”

टेस्टची व्हॅन त्या वसंतात, पराग उडत असतानाच, शेवटची फेरी करून आली. काका त्या दिवशी रजेवर होते, लेकीला सुट्टीनंतर कॉलेजला सोडायला गेले होते. फोटो काढणं माझं काम. व्हॅन लिफ्टवर घेतली आणि खाली शिरलो. सांध्याच्या बरोबर वर, व्हॅनच्या पिवळट तळाला, आडवा दाट पिवळा पट्टा होता. बोटभर रुंद, पट्टीने आखावा तसा सरळ. फिरता सांधा तेल फेकत होता, ते वर उडून चिकटलं होतं, आणि त्यावर पराग बसले होते. एवढं कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

मॅनेजर खाली येऊन बघून गेला. “इट्स पोलन,” तो म्हणाला. “वॉश इट, देन टेक युअर पिक्चर्स.”

मी धुतलं.

कुणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. त्याने जाता जाता सांगितलं आणि मी पाइप उचलला. माझ्या व्हिसाचे कागद त्या महिन्यात पुन्हा भरायचे होते, बायकोला सातवा महिना होता. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की ती आता मलाच ओळखीची वाटत नाहीत. पट्टा गेला, मी फोटो काढले आणि रिपोर्टवर टेस्ट इंजिनिअर म्हणून सही केली.

दुसऱ्या दिवशी काका आले, जेवणाचा डबासुद्धा टेबलावर न ठेवता थेट व्हॅनखाली गेले. टॉर्च लावला. उजेड तळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. मग त्यांनी मला हाक मारली.

“हे बघ. सगळी गाडी पिवळी आहे. चाकं पिवळी, सायलेन्सर पिवळा, तळ पिवळा. तेवढाच पट्टा स्वच्छ.”

घाईत मी तेवढाच भाग धुतला होता. अख्खी गाडी धुवावी, एवढीसुद्धा माझी अक्कल चालली नव्हती.

“कोणी धुतलं?”

“वॉशिंगवाल्यांनी धुतलं असेल, काका.”

“धुण्याआधी तू बघितलं होतंस?”

“हो. ऑल गुड.”

ते शब्द माझ्या तोंडून निघाले आणि ते आपल्याला कुठे लागले हे त्यांनी दाखवलं नाही. टॉर्च बंद केला, खिशात ठेवला, म्हणाले, “बरं.” माझ्या बुटांवर पिवळ्या पाण्याचे शिंतोडे वाळलेले होते. ते त्यांनी पाहिले की नाही, मला माहीत नाही. पाहिले असणार. त्यांच्या नजरेतून असलं काही सुटत नसे.

मीटिंगमध्ये त्यांनी पुन्हा टेस्ट मागितली. मॅनेजरने टेबलावर एक पांढरा कागद ठेवला. काकांचाच कागद, रजेवरून आल्यावर त्यांनी उभ्या व्हॅनखाली घातलेला, एकही थेंब नसलेला. “युअर ओन मेथड, काका,” तो म्हणाला, आणि दोघे-तिघे हसले. काका म्हणाले की उभ्या गाडीचा कागद कोराच राहणार, हा सांधा फिरताना तेल फेकतोय. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो की फोटोंमध्ये काही दिसत नाही. हे खरंच होतं. फोटोंमध्ये काहीच दिसत नव्हतं.

त्यांनी सही केली नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांची ‘पोझिशन’ रद्द झाली. माणूस काढला असं कुणी म्हणत नाही, पोझिशन रद्द होते. त्यांच्या जागी सही करायचा अधिकार थोड्या दिवसांनी मला मिळाला.

आता इथल्या मराठी मंडळातल्या लोकांचं ऐका. ज्यांच्या गाड्या या माणसाने ओणवं होऊन तपासल्या होत्या, तेच कॉफीचे कप हातात घेऊन म्हणत होते, “अरे यार, एक सही करायला काय जातं?” “इथे असं इमोशनल होऊन चालत नाही.” “फॅमिलीचा तरी विचार करायचा.” मी त्या घोळक्यात उभा होतो आणि मान हलवत होतो. खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत काकांचा रागही यायचा. काय अडलं होतं? जग काय एका रबराच्या कडीवर उभं आहे? त्यांनी मुकाट्याने सही केली असती तर मी नीच ठरलो नसतो, हे माझं त्या रागामागचं गणित होतं.

काकूंनी घरातलं सामान विकायला काढलं तेव्हा मी मदतीला गेलो होतो. लेकही आली होती, वर्ष अर्धवट टाकून. ती सोफ्याच्या हातावर बसून बापाकडे न बघता म्हणाली, “बाबा, यू कुड हॅव जस्ट साइन्ड इट.”

“गळत होतं गं,” काका म्हणाले.

“एव्हरीवन सेज इट वॉजन्ट!”

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. एवढं त्यांनी माझ्यासाठी केलं. हातातल्या कुकरची शिट्टी काढली, पुन्हा बसवली, आणि तो एका बाईला नेऊन दिला.

साठ दिवस भरत आले, कुठूनही बोलावणं आलं नाही. एअरपोर्टवर सोडायला मीच गेलो. दुसरं कोण जाणार? चामड्याच्या खोळीचा तो सांधा काकांनी स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत घेतला होता, खांदा एका बाजूला झुकला होता. मला आतून वाटत होतं की तो सांधा काका मला देतील. दिला नाही.

काका-काकू ट्रॉलीवर बॅगा रचत होते. लेक माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते. ती मला काका म्हणायची. हळू आवाजात म्हणाली, “काका, टेल मी वन थिंग. तुम्ही टेस्ट केलं होतं ना? वॉज इट ऍक्च्युअली लीकिंग?”

तिला नोकरी परत नको होती, व्हिसा नको होता. तिला फक्त एवढंच कळायला हवं होतं की आपलं सगळं आयुष्य उचलून ज्या गोष्टीसाठी फेकलं गेलं, ती गोष्ट खरी होती का. होय म्हणायला एक श्वास पुरला असता. माझं काय गेलं असतं? ती विमानात बसून निघून जाणार होती, कुणाला सांगणार होती?

“टेस्टमध्ये तसं काही दिसलं नाही,” मी म्हणालो.

ती एकदाच मान हलवून हसली. “ओके. सो ही वॉज जस्ट बीइंग हिम.”

काका दोन पावलांवर होते. त्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता ते बोलतील. ते आले, खांद्यावरची पिशवी काकूंकडे दिली, आणि त्या गर्दीत, मागे हॉर्न वाजत असताना, माझ्या गाडीच्या दारावर एक हात ठेवून गुडघ्यावर बसले. टॉर्च सामानात गेला होता म्हणून मोबाइलचा उजेड लावला. पोलिस हात हलवून गाड्या पुढे काढायला सांगत होता. ते सावकाश उठले, पँट झटकली.

“कोरडी आहे,” म्हणाले. “जप.”

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. माझाही गेला नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ते सांधे परत यायला लागले. माझ्याच टेबलावर येतात, पिशवीत बांधून, नंबर घालून. उघडले की आत तेलाचा टिपूस नाही, नुसती लालसर भुकटी. मग एक दिवस मॅनेजरने जुन्या फायलींमधून दुहेरी सीलचं ड्रॉइंग काढलं. तेच, काकांचं. एक रेघसुद्धा बदलावी लागली नाही. फक्त कोपऱ्यातल्या चौकटीत जिथे डिझाइन करणाऱ्याचं नाव असतं, तिथे आता माझं आहे. नव्या व्हॅनना ती सील लागते आहे. जुन्या व्हॅन रस्त्यावर आहेत. त्यांच्यात बिघाड झाला की सांधा बदलायचा, त्याआधी व्हॅन परत बोलवायच्या नाहीत, असं ठरलं आहे. त्या निर्णयाखालीही माझी सही आहे.

यंदा पराग उडायला लागले त्या आठवड्यात एक व्हॅन आमच्या दारात आली. बायकोने मुलीसाठी काहीतरी मागवलं होतं. मी ड्राइव्हवेतच होतो. चालवणारी बाई खोकं देऊन वळली, आणि मी काय करतोय हे मला कळण्याआधी माझा एक हात व्हॅनच्या दारावर होता आणि एक गुडघा जमिनीवर. तळाला आडवा पिवळा पट्टा होता. बोटभर रुंद, सरळ.

“एव्हरीथिंग ओके, सर?” तिने विचारलं. पन्नाशीची असेल. डॅशबोर्डवर कुणा लहान मुलाचा फोटो चिकटवलेला होता.

“ऑल गुड,” मी म्हणालो.

ती हसली, म्हणाली, “हॅव अ गुड वन,” आणि निघून गेली. कोपऱ्यापर्यंत व्हॅनचा आवाज ऐकत उभा राहिलो. नीट चालत होती. तुटेपर्यंत ती नीटच चालते.

काकूंचा माझ्या बायकोला अधूनमधून फोन येतो. काका पुण्यात एका वर्कशॉपमध्ये जातात म्हणे. लेकीने तिथल्या कॉलेजात नाव घातलंय, पण बापाशी बोलत नाही. ते जेवायला बसले की ती ताट घेऊन आतल्या खोलीत जाते. काकू रडतात. “एवढं काय वाकडं केलं गं त्यांनी तिचं?” असं विचारतात, आणि माझी बायको फोन हातात धरून माझ्याकडे बघते. तिला मी अजून सांगितलेलं नाही. हे वाचून तिला कळेल.

लेकीचा नंबर माझ्याकडे आहे. ‘तुझे बाबा खरं बोलत होते, गळत होतं, मी धुतलं,’ एवढं इंग्रजीत लिहायला एक मिनिट लागेल. ते सोडून मी हे सगळं इतक्या पानांवर लिहीत बसलो, आणि मराठीत. तिला मराठी समजतं, पण वाचता येत नाही. हे मला लिहायला बसण्याच्या आधीपासून माहीत होतं.